डेडस्टॉकच्या नोंदवहीत नसलेला माणूस

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत मी पहिल्यांदा जातो, तेव्हा मुख्याध्यापकांकडे हजेरीपटाच्या आधी डेडस्टॉकची नोंदवही मागतो. शाळेत कोणत्या साली कोणती वस्तू आली, ती कोणत्या योजनेतून आली आणि आज कोणत्या अवस्थेत आहे, हे त्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत ओळीने लिहिलेले असते. आणि ती सावकाश वाचली की गेल्या चार दशकांत आपण शिक्षणातल्या तंत्रज्ञानाकडे कोणत्या नजरेने पाहिले, हे अहवालांपेक्षा अधिक स्पष्ट दिसते. जुन्या पानांवर रेडिओ-कॅसेट प्लेअर आणि रंगीत टीव्ही, पुढे संगणक, त्याचा यूपीएस आणि प्रिंटर, मग प्रोजेक्टर आणि पडदा, आणि अलीकडच्या पानांवर स्मार्ट टीव्ही व टॅबलेट. शेऱ्याच्या रकान्यात यांतल्या बहुतेकांपुढे ‘नादुरुस्त’ किंवा ‘निर्लेखनासाठी प्रस्तावित’, म्हणजे नोंदीतून काढून टाकण्यासाठी सुचवलेले, असे लिहिलेले असते. काही वस्तू मात्र चालू स्थितीत, खोक्यासकट, लोखंडी कपाटात असतात. त्या मोडल्या तर वसुली आपल्या पगारातून होईल, ही भीती गुरुजींच्या मनात इतकी खोल बसलेली असते, की वस्तू न वापरणे हाच ती सांभाळण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग ठरतो.

मी बरीच वर्षे वर्गावर शिकवले आणि त्यानंतर काही वर्षे तालुक्याच्या गट साधन केंद्रात तंत्रज्ञानाचे काम पाहिले. त्या अनुभवावरून माझे एक मत पक्के झाले आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या सरकारी शाळांसाठी उपकरणांची पुढची खरेदी होण्याआधी प्रत्येक तालुक्याला एक अध्यापन तंत्रज्ञान तज्ज्ञ मिळाला पाहिजे. शिकवण्याच्या कामात तंत्राचा उपयोग कुठे करायचा आणि कुठे करायचा नाही, हे शिक्षकाशेजारी वर्गात बसून ठरवणारा पूर्णवेळ माणूस मला अभिप्रेत आहे. यंत्र दुरुस्त करणारा तंत्रज्ञ किंवा माहिती भरणारा ऑपरेटर याहून हे काम वेगळे आहे, आणि हा वेगळेपणा आपल्या व्यवस्थेला आजवर कळलेला नाही, किंवा कळूनही सोयीचा वाटलेला नाही.

कल्पना नवी नाही, हे आधी सांगून टाकतो. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून दूरचित्रवाणीचे कार्यक्रम देशातल्या सहा राज्यांमधील २,४०० गावांत पोहोचवण्याचा प्रयोग झाला, तेव्हापासून पडद्यावरून शिकवण्याचे स्वप्न आपल्याकडे आहे. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था म्हणजे डायट उभ्या राहिल्या. या संस्थांच्या मूळ आराखड्यात ज्या सात शाखा सांगितल्या होत्या, त्यांत शैक्षणिक तंत्रज्ञान ही एक स्वतंत्र शाखा होती. म्हणजे जिल्ह्याच्या पातळीवर हे काम जाणणारी माणसे असावीत, एवढे शहाणपण ऐंशीच्या दशकातच कागदावर आले होते. पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी सुरू झाली, तिने मराठीतून शेकडो शैक्षणिक कार्यक्रम तयार केले आणि २०१७ मध्ये ती बंद करण्यात आली. २००४च्या अखेरीस केंद्राची शाळांमधील आयसीटी, म्हणजे माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची, योजना आली आणि ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर माध्यमिक शाळांत संगणक कक्ष उभे राहिले. मुदत संपली तेव्हा संगणक शाळेकडे राहिले आणि संगणक शिकवणारा कंत्राटी निदेशक घरी गेला. हस्तांतर वस्तूंचे झाले; कौशल्य ज्याच्याजवळ होते तो त्या करारात पाच वर्षांचा पाहुणा होता.

खानदेशाला तर याचा अधिक जवळचा अनुभव आहे. २०१६-१७च्या सुमारास धुळे जिल्ह्यात लोकवर्गणीतून जिल्हा परिषदेच्या शाळा ‘डिजिटल’ करण्याची मोठी मोहीम झाली आणि राज्यभर तिचे कौतुक झाले. ते कौतुक योग्यच होते. ज्या गावांत शाळेच्या भिंतीला रंग द्यायला पैसे निघत नसत, त्या गावांतल्या मजूर आणि शेतकरी पालकांनी मुलांसाठी खिशात हात घातला, ही गोष्ट मी हलक्या शब्दांत उडवून लावणार नाही. मात्र त्या काळात उत्साहाने बसवलेले संच पुढच्या काही वर्षांत कसे वापरले गेले, याची शाळाशाळांत फिरून चौकशी करणारे कोणी नेमलेले नव्हते. प्रोजेक्टरचा दिवा गेला की तो बदलायला लागणारी रक्कम शाळेकडे नसे. वीजबिल सादिल म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या अनुदानातून भरायचे आणि सादिल वेळेवर यायचे नाही, म्हणून काही ठिकाणी वीजच तोडली जाई. या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या वस्तूंच्या अडचणी आहेत. जिथे दिवा शाबूत होता आणि वीजही होती, तिथे काय चालले होते, हे मी पाहिले आहे: एका वर्गाला शिकवताना दुसऱ्या वर्गाला गप्प बसवण्यासाठी कवितांचे व्हिडिओ. द्विशिक्षकी शाळेतल्या गुरुजींचा हा नाइलाज मला समजतो. त्याला शिक्षण म्हणायला मात्र मी तयार नाही. एका पालकाने मला एकदा अहिराणीत विचारले होते, “सर, टीव्ही तं शे, पन तो लावनारा मानूस कोठे शे?” त्या वेळी मी हसून विषय टाळला होता.

अमेरिकेतल्या शाळांमध्ये अध्यापन तंत्रज्ञान तज्ज्ञाचे पद रूढ आहे. तिथे एखाद्या शैक्षणिक जिल्ह्यात नेमलेला असा तज्ज्ञ बहुधा आधी स्वतः शिक्षक असतो. तो वर्गावर जातो, शिक्षकाबरोबर पाठ आखतो, पाठ चालू असताना मागे बसतो आणि नंतर दोघे मिळून तो तपासतात. बिघडलेला संगणक त्याच्याकडे येत नाही, कारण त्यासाठी वेगळा तंत्रज्ञ असतो. अध्यापन तंत्रज्ञान या विद्याशाखेतली सर्वांत प्रसिद्ध चौकट १९७५ साली फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षणासाठी आखली गेली. गरजेचे विश्लेषण, आराखडा, साहित्याची निर्मिती, अंमलबजावणी आणि मूल्यमापन, अशा तिच्या पाच पायऱ्या आहेत. सैनिकांसाठीची चौकट जशीच्या तशी पहिलीच्या वर्गाला लावावी, असे मी म्हणत नाही, आणि अमेरिकेत सर्व काही छान चालले आहे असा माझा समजही नाही. पण या पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीने आपल्या योजना पाहिल्या तर ध्यानात येते, की आपण थेट चौथ्या पायरीवर उडी मारतो. विश्लेषणाच्या जागी मंत्रालयातले परिपत्रक असते, आराखड्याच्या जागी निविदा असते, निर्मितीच्या जागी पुरवठादाराच्या पेनड्राइव्हमध्ये आधीच भरलेला मजकूर असतो, आणि मूल्यमापनाच्या जागी उपयोगिता प्रमाणपत्र. त्या प्रमाणपत्रात रक्कम खर्च झाली एवढेच सिद्ध होते, हे प्रत्येक लेखाधिकारी जाणतो.

आपल्याकडे या पदाच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द म्हणजे ‘तंत्रस्नेही शिक्षक’. प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमाच्या काळात, २०१५ नंतर, हा शब्द सर्वांच्या तोंडी आला. ज्यांना स्वतःहून व्हिडिओ बनवता येत, ब्लॉग लिहिता येत, छोटी अ‍ॅप्स तयार करता येत, अशा हौशी शिक्षकांना त्यातून मान मिळाला, त्यांच्या कार्यशाळा झाल्या, आणि मीही त्या लाटेत होतो. पुढे या शिक्षकांचे काय झाले, ही खरी शोचनीय कथा आहे. एका केंद्रात गटवलेल्या दहाबारा शाळांमध्ये ज्याला संगणक येतो असा एक माणूस सापडला, हे कळताच त्या सर्व शाळांची ऑनलाइन कामे त्याच्याकडे चालत आली. यू-डायस आणि सरल या सरकारी पोर्टलांवरची माहिती, विद्यार्थ्यांचे आधार प्रमाणीकरण, पोषण आहाराची रोजची नोंद, शिष्यवृत्तीचे अर्ज, चाचण्यांचे गुण, अलीकडे विद्यार्थ्यांचा अपार आयडी हा ओळख क्रमांक. आधार जुळले नाही तर तो विद्यार्थी संचमान्यतेत, म्हणजे शाळेची शिक्षकपदे ठरवण्याच्या हिशेबात, धरला जात नाही, आणि विद्यार्थी धरला गेला नाही तर शिक्षकाचे पद धोक्यात येते. त्यामुळे या कामाला नाही म्हणण्याची सोय नसते. गट साधन केंद्रातल्या माझ्या अखेरच्या वर्षी मी माझ्या डायरीत दिवसांचा हिशेब ठेवला होता. वर्गात बसून कोणा शिक्षकाला मदत केली असे दिवस मला बोटांवर मोजता आले. उरलेले वर्ष पासवर्ड, ओटीपी आणि ‘आजच सायंकाळी पाचपर्यंत’ या शब्दांनी संपणाऱ्या संदेशांमध्ये गेले. शिक्षण हक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावण्यास मनाई केली आहे, पण माहिती भरण्याचे काम हे शैक्षणिक की अशैक्षणिक, या वादातच त्या मनाईचा जीव अडकला आहे.

याचा एक दुष्परिणाम फारसा बोलला जात नाही. शाळेतल्या शिक्षकाच्या मनात तंत्रज्ञान या शब्दाचा अर्थच बदलला आहे. पडदा उघडला की कोणीतरी आपल्याकडे काहीतरी मागणार, ही त्याची धारणा झाली आहे. पडद्यातून आपल्याला काही मिळू शकते, हे त्याला पटवणे दिवसेंदिवस अवघड होत आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावर उपयोगी शैक्षणिक साहित्य आहे, पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडवरून त्याकडे जाता येते, आणि तरी गुरुजी त्या चौकोनाकडे संशयाने पाहतात, याचे कारण त्यांचा आळस नसून त्यांची ठेच आहे.

मग हा तज्ज्ञ करणार काय, याचे उत्तर तत्त्वांपेक्षा उदाहरणांतून देणे मला सोपे वाटते. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात एका पाड्यावरच्या शाळेत मराठवाड्यातून बदलून आलेले एक तरुण शिक्षक होते. पहिलीच्या मुलांना मराठी येत नव्हते आणि गुरुजींना मुलांची पावरी बोली येत नव्हती. शाळेत टॅबलेट होता, त्यात पुण्या-मुंबईच्या मराठीत बोलणारे सुंदर, रंगीत पाठ होते आणि ते पाहून मुले चित्रांना हसत, पुढे काही घडत नसे. मी त्यांना आणखी व्हिडिओ सुचवले नाहीत. आम्ही पहिलीच्या पुस्तकातले पहिल्या दोन महिन्यांत लागणारे शब्द वेगळे काढले; त्यांत वर्गात रोज लागणारी लहान वाक्ये घातली: इकडे ये, पुन्हा सांग, मला कळले नाही, पोट दुखते आहे, शौचाला जायचे आहे. त्यांची वर्णमालेप्रमाणे यादी न करता ती वर्गातल्या दिवसाच्या क्रमाने लावली, कारण मुलाला शब्द प्रसंगातून सापडतो. गावातलीच सातवीत शिकणारी एक मुलगी आम्ही बोलावली आणि तिच्या आवाजात प्रत्येक शब्द आधी पावरीत आणि मग मराठीत, असे शंभरावर तुकडे साध्या मोबाइलच्या रेकॉर्डरवर उतरवले. रेंज लागली नाही, पैसा लागला नाही. गुरुजी रोज सकाळी पाच तुकडे लावत आणि स्वतः पावरी उच्चार करून पाहत. तो चुकला की पहिलीची मुले खदखदून हसत आणि त्यांना दुरुस्त करत. ज्या वर्गात महिनाभर मुले गप्प होती, त्या वर्गात मुलांना आपल्या शिक्षकालाच शिकवण्याची संधी मिळाली आणि ती बोलू लागली. या सगळ्यात तंत्र म्हणाल तर रेकॉर्डर एवढेच होते. कोणते शब्द, कोणत्या क्रमाने, कोणाच्या आवाजात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, हे ठरवणे म्हणजे अध्यापन तंत्रज्ञान, आणि ते काम कोणत्याही खोक्यातून येत नाही.

दुसरे उदाहरण शहादा तालुक्यातले, प्रकाशा परिसरातले आहे. तापी पश्चिमवाहिनी आहे, असे पुस्तकात एक वाक्य असते आणि त्यासाठी शिक्षिकेने नद्यांवरचा एक लांबलचक माहितीपट निवडून ठेवला होता. आम्ही तो बाजूला ठेवला आणि मुलांना विचारले, की तापी कोणत्या दिशेला वाहते. एक मुलगा म्हणाला, ती वाहतच नाही. वर्ग हसला, पण मुलाचे बरोबर होते: प्रकाशा आणि सारंगखेड्याच्या बॅरेजमुळे पाणी अडलेले असते आणि वर्षाचा मोठा काळ नदी डोळ्यांना स्थिरच दिसते. पुस्तकातल्या वाक्याचा आणि मुलांच्या रोजच्या अनुभवाचा असा उघड विरोध समोर आल्यावर मगच आम्ही उपग्रहाचा नकाशा उघडला. मुलांनी आधी आपले गाव शोधले, मग प्रकाशाला तापीला मिळणारी गोमाई शोधली. बाजूची नदी मुख्य नदीला मिळताना बहुधा प्रवाहाच्या दिशेने तिरकी होऊन मिळते, हे त्यांनी आणखी चार संगम पाहून स्वतः ताडले, आणि शेवटी बोट सरकवत उकईच्या जलाशयावरून सुरतेपर्यंत आणि समुद्रापर्यंत गेली. नकाशा दहा मिनिटे उघडा होता. नंतरचा अर्धा तास फरशीवर खडूने तापीचे खोरे काढण्यात गेला. तो माहितीपट वाईट नव्हता, पण त्याने त्या मुलाचा प्रश्न कधीच बाहेर येऊ दिला नसता.

हे सगळे एकदोन शाळांतले किस्से झाले, यावरून धोरण कसे ठरवायचे, असे कोणी म्हणेल तर त्याचे म्हणणे रास्त आहे. म्हणून नवापूरच्या पलीकडे, गुजरातेत झालेले दोन अभ्यास इथे सांगायला हवेत. वडोदऱ्याच्या महापालिका शाळांना राज्य सरकारने प्रत्येकी चार संगणक दिले होते आणि ते बहुतेक ठिकाणी वापराविना पडून होते. आपल्या डेडस्टॉकच्या नोंदवहीसारखीच ती अवस्था. मग चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास गणिताचे खेळ देणारा कार्यक्रम तिथे आखला गेला आणि त्यासाठी स्थानिक वस्तीतली माणसे प्रशिक्षण देऊन नेमली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या मुलांचे गणित लक्षणीय सुधारल्याचे दिसले. कार्यक्रम थांबल्यावर तो फायदा बराच ओसरला, हेही त्याच अभ्यासात आहे, आणि ते लपवण्याचे मला कारण नाही. माणूस काढून घेतला की काय होते याचाच तो दाखला मी मानतो. दुसरा अभ्यास ली लिंडेन यांनी अहमदाबादच्या ज्ञानशाला संस्थेच्या वर्गांमध्ये केला. तिथे एकच सॉफ्टवेअर दोन रीतींनी वापरले गेले. शिक्षिकेच्या शिकवण्याच्या तासाची जागा संगणकाने घेतली तिथे मुले इतरांच्या तुलनेत मागे पडली, आणि शाळेच्या वेळेव्यतिरिक्त जादा सराव म्हणून तेच वापरले तिथे मुलांना फायदा झाला, विशेषतः कच्च्या मुलांना. उपकरण तेच, मजकूर तोच, प्रांत तोच, आणि परिणाम उलटे. ज्ञानशालेची शिक्षिका आधीपासूनच नेमक्या पद्धतीने शिकवत होती, म्हणून तिचा तास काढून घेणे महागात पडले. जिथे तासच वाया जातो तिथे कदाचित निराळे घडले असते. कोणत्या शाळेत कोणती रीत लागू पडेल, हे मुंबईत बसून ठरत नाही.

या विषयातला एक जुना वादही आपल्या भागाला जवळचा वाटावा असा आहे. रिचर्ड क्लार्क या अमेरिकी संशोधकाने १९८३ मध्ये असे मांडले, की माध्यम हे केवळ वाहन असते. किराणा माल आणणाऱ्या ट्रकमुळे जसा आपल्या पोषणात फरक पडत नाही, तसा पडदा वापरला की फळा वापरला याने शिकण्यात फरक पडत नाही. तंत्रज्ञान विकणाऱ्यांच्या दारावर हे वाक्य लावून ठेवावे असे मला अनेकदा वाटले आहे. तरीही रावेर-सावद्याच्या केळी उत्पादकाला ते अर्धेच पटेल. ट्रक केळीत गोडी भरत नाही हे खरे, पण घड दिल्लीला जाणार की जळगावच्या बाजारात, यावर तो किती कच्चा असताना कापायचा हे ठरते, तो कसा हाताळायचा हे ठरते, आणि पलीकडे पिकवण्याची सोय आहे की नाही हे आधी पाहावे लागते. म्हणजे वाहनामुळे मालाची तयारी बदलते. बाग आणि रस्ता दोन्ही जाणणारा माणूस नसेल तर माल वाटेत काळा पडतो. शिकवण्यातही नेमके तसेच आहे: वर्ग जाणणारा शिक्षक आपल्याकडे आहे, यंत्र जाणणारा पुरवठादार आहे, आणि या दोघांच्या मधली जागा रिकामी आहे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा, की जिथे शिक्षकांचीच पदे रिक्त आहेत आणि एकच शिक्षक चार वर्ग सांभाळतो, तिथे तज्ज्ञ नेमणे म्हणजे अंगावर धड कपडा नसताना फेटा बांधण्यासारखे आहे. हा आक्षेप मला मान्य आहे, एका अटीवर. शिक्षक की तज्ज्ञ, असा खराखुरा पर्याय समोर असेल तर मी डोळे मिटून शिक्षक निवडेन. पण प्रत्यक्षात असा पर्याय कोणीच समोर ठेवत नाही. समोर असते ती खरेदीची फाईल. जिल्हा वार्षिक योजनेतून, आदिवासी घटक कार्यक्रमातून, समग्र शिक्षा योजनेतून, कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून संच येतच राहतात. माझा वाद त्या पैशाच्या विनियोगाशी आहे. युनेस्कोच्या २०२३च्या जागतिक शिक्षण अहवालात असे नोंदवले आहे, की शैक्षणिक तंत्रज्ञानाची उत्पादने सरासरी दर ३६ महिन्यांनी बदलतात. आपल्याकडे निर्लेखनाच्या प्रस्तावालाच कधीकधी त्याहून अधिक काळ लागतो.

दुसरा आक्षेप प्रशिक्षणाचा. प्रत्येक शिक्षकालाच प्रशिक्षण देऊन सक्षम करा, वेगळा माणूस कशाला, असे अधिकारी नेहमी म्हणतात. मी स्वतः तालुक्याच्या ठिकाणी, साठसत्तर शिक्षकांच्या सभागृहात, अशी कित्येक प्रशिक्षणे घेतली आहेत आणि प्रामाणिकपणे सांगतो, की त्यानंतरच्या सोमवारी वर्गात काही बदलल्याचे मला क्वचितच दिसले. ऑनलाइन प्रशिक्षणांची अवस्था तर सर्वांना ठाऊक आहे: अभ्यासक्रम मोबाइलवर चालू, मोबाइल टेबलावर, आणि गुरुजी पोषण आहाराच्या तांदळाचे वजन करत आहेत. शिक्षकाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. पोहायला शिकवणारा जसा पाण्यात उतरतो तसा शिकवणाऱ्याला मदत करणारा वर्गात उतरावा लागतो, आणि एकदाच उतरून भागत नाही. ठिबक बसवताना आपल्याकडचा अडाणी समजला जाणारा शेतकरीसुद्धा आधी विचारतो, की नळ्या तुंबल्या तर बघायला कोण येणार. तोच प्रश्न शाळेच्या बाबतीत विचारला, की आपण पुस्तिका वाटतो.

अलीकडे तिसरा आक्षेप ऐकू येतो: कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे, आता पाठाचा आराखडा मागाल तसा मिळतो, मग मधला माणूस हवाच कशाला. आराखडा मिळतो, हे खरे आहे, आणि तो दिसायलाही नीटनेटका असतो. पण त्यातली वनस्पती सातपुड्यात उगवते का, त्यातले उदाहरण मावची किंवा भिली बोलणाऱ्या मुलाला पोहोचेल का, त्यात सांगितलेल्या प्रयोगाचे साहित्य मोलगीच्या बाजारात मिळते का, हे तपासायला शेवटी माणूसच लागतो. बोलून टंकलेखन करणाऱ्या सोयीपुढे मी आमच्या एका शाळेतल्या मुलांना अहिराणीत बोलायला लावले होते. ‘शे’, ‘आठे’, ‘तठे’ या त्यांच्या रोजच्या शब्दांचे तिने जे काही केले, ते वाचून मुलांची करमणूक झाली खरी. पण उद्या याच साधनाने त्यांचे तोंडी वाचन तपासले गेले तर ती मुले नापास ठरतील, ही गोष्ट करमणुकीची नाही. साधन जितके हुशार होईल तितका ते पारखणारा हुशार लागेल.

प्रत्यक्षात काय करावे याबद्दल माझे म्हणणे थोडके आहे. जळगावात पंधरा, धुळ्यात चार आणि नंदुरबारात सहा, असे खानदेशात पंचवीस तालुके आहेत. पंचवीस माणसे लागतील. ती बाहेरून, पदवीच्या जोरावर आणण्यापेक्षा किमान आठदहा वर्षे वर्गावर काढलेल्या आणि त्या तालुक्यातली एक तरी बोली जाणणाऱ्या शिक्षकांतून निवडावीत, आणि त्यांच्या जागी शाळेला दुसरा शिक्षक दिल्याशिवाय त्यांना सोडू नये. नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावर नको. पहिले वर्ष शाळा समजून घेण्यात जाते. जिल्हा परिषदेच्या शाळा एका खात्याच्या आणि तळोदा, नंदुरबार, धुळे व यावल प्रकल्प कार्यालयांखालच्या आश्रमशाळा दुसऱ्या खात्याच्या, ही भिंत या कामापुरती तरी पाडावी, कारण एकाच पाड्यावरची दोन भावंडे या दोन खात्यांच्या शाळांत शिकत असतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यांच्या नेमणुकीच्या आदेशात त्यांनी काय करायचे नाही, हे आधी लिहावे: कोणत्याही पोर्टलवर माहिती भरायची नाही, उपकरणे दुरुस्त करायची नाहीत, खरेदी समितीवर बसायचे नाही. समितीवर न बसताही त्यांचा लेखी अभिप्राय मात्र प्रत्येक खरेदीच्या फाईलला जोडलेला असावा, आणि तो प्रतिकूल असूनही खरेदी झाली तर तसे का केले, हे सही करणाऱ्याने लिहावे. अशा अभिप्रायामुळे कोणाची गैरसोय होईल, हे मला ठाऊक आहे.

त्यांचे काम मोजायचे कसे, हा प्रश्न मात्र अवघड आहे आणि त्याचे तयार उत्तर माझ्याजवळ नाही. भेट दिलेल्या शाळांची संख्या मोजली तर ते मोटारसायकलवरून फिरत राहतील. मुलांचे गुण मोजले तर शिक्षकाच्या श्रमाचे श्रेय किंवा अपश्रेय त्यांच्या माथी येईल. वर्षाला पंचवीसतीस शाळा निवडून त्यांतल्या प्रत्येकीत पाचसहा वेळा जावे, दर वेळी शिक्षकासोबत एक पाठ आखावा, तो पाहावा आणि तो फसला तर का फसला हे दोघांच्या सहीने एका पानावर लिहावे, ही रीत मी काही काळ पाळून पाहिली होती. फसलेल्या पाठांची पाने त्या फाईलमध्ये अधिक होती आणि कामाची तीच होती. सुरुवात नंदुरबारच्या सहा तालुक्यांपासून व्हावी, कारण गरज तिथे सर्वांत तीव्र आहे आणि जिथे रेंज, वीज आणि भाषा या तिन्ही गोष्टी साथ देत नाहीत तिथे जे टिकेल ते चाळीसगावात आणि भुसावळात सहज टिकेल. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत शाळांसाठी संचांचा विषय येईल तेव्हा या सहा पदांचा खर्च त्याच टिपणीत, त्याच पानावर मांडून पाहावा.